शून्याची फणी

"मामा, खरं सांगा. तुमच्या धुण्यात साबण राहायचा का?"

तस्नीम बागवाननं हे विचारलं तेव्हा रेवणनाथ हावळच्या चिमट्यात फणी होती. ती त्यानं आधी डबीत ठेवली, झाकण दाबलं आणि मगच मान वर केली. तस्नीमला कंपनीत येऊन चार महिने झाले होते. मिरजेची पोरगी. यंत्रांच्या तक्रारी तपासणं हे तिचं काम. तिच्या हातात एक जुना कागद होता आणि कागदाच्या तळाला रेवणची सही होती.

"सही माझीच हाय," रेवण म्हणाला.

"ते दिसतंय. मी धुण्याचं विचारतेय."

रेवणनं कागदावरची तारीख बघितली. तीन वर्षांत त्याला हे कुणी विचारलं नव्हतं. ज्यानं विचारायला हवं होतं त्यानं तर विचारलंच नव्हतं. त्यानं कागद पुढं केला होता आणि पेन दिलं होतं.

रेवणचं घराणं फण्या करणारं. इचलकरंजीत यंत्रमाग धडधडत होते तेव्हा गल्लीत त्याच्या वडलांचं दुकान होतं. मागातली फणी म्हणजे पोलादी पट्ट्यांचा लांब कंगवा. ताण्याचा एकेक उभा दोरा तिच्या दोन दातांमधून जातो. दात वाकडा झाला की कापडावर रेघ उमटते आणि कारखानदार शिव्या घालत दुकानात येतो. म्हणून वडलांचा एक नियम होता. फण्यांचा घाणा, म्हणजे एका वेळचा माल, तयार झाला की त्यातली एक काढून ठेवायची, विकायची नाही. उद्या कुणी म्हणालं माल खराब, तर ही फणी समोर टाकायची. "तोंडानं भांडू नगं," ते म्हणायचे, "नमुना बोलू दे."

पुढं माग बंद पडले. गल्ली शांत झाली. त्या शांततेमुळंच डॉ. चिदानंद मगदूम परत आला. चिदू आणि रेवण एका बाकावरचे. चिदू शिकून परदेशी गेला, रेवणनं दहावीनंतर वडलांचा चिमटा धरला. चिदूला असं यंत्र बसवायचं होतं ज्याला जमिनीची जराही थरथर चालत नाही. ज्या शेडमध्ये चाळीस माग नाचायचे तिथं आता टाचणी पडली तरी ऐकू यायची. त्यानं शेड घेतली आणि पहिल्या दिवशी रेवणला बोलावलं.

"रेवण्या, फणीच आहे. फक्त बारीक."

बारीक म्हणजे किती? डोक्याच्या एका केसाचे जाडीत दीड हजार काप केले तर एक काप जेवढा होईल, तेवढी एकेक फट. नखाएवढ्या चकतीवर अशा हजारो फटी. त्यांतून दोरे जायचे नाहीत, अणू जायचे. निर्वात नळीतून अरगॉन वायूचे अणू या फणीवर सोडायचे. अणू कणासारखा असतो तसा लाटेसारखाही वागतो, आणि लाट ओळीनं असलेल्या फटींतून गेली की पलीकडं ठिपक्यांची नक्षी उमटते. मधला ठिपका ठळक, बाजूचे फिके होत जाणारे.

खरी गोम त्या नक्षीत होती. फटीतून सुखरूप बाहेर पडणारा अणू फणीच्या दाताला शिवत नाही, तरी दात त्याला आपल्याकडं ओढतो. अणूतल्या इलेक्ट्रॉनांची सारखी चुळबुळ चालू असते. त्या चुळबुळीला भिंतीतले इलेक्ट्रॉन दाद देतात आणि दोघांत एक बारीकशी ओढ तयार होते. एरवी ही ओढ कुणाच्या खिजगणतीत नसते. पण इतक्या अरुंद फटीत तीच अणूची वाट वाकवते. भिंतीवर परक्या रेणूंचा एकच थर बसला तरी ओढ बदलते आणि ठिपके ठळक-फिके होतात. म्हणजे फणीवर माणसानं फुंकर मारली तर त्या श्वासात काय होतं त्याची खूण नक्षीत उतरते. स्वादुपिंडाचा कॅन्सर पोट दुखायच्या कितीतरी आधी श्वासात चार-दोन रेणू सोडतो. ते पकडायचं हे चिदूचं स्वप्न.

रत्नमाला, रेवणची बायको, रोज आठला डबा घेऊन यायची. चिदूनं तिलाही समजावून सांगितलं होतं.

"वहिनी, गल्लीतनं जाताना कुणाच्या दारात भजी तळत असली की पाय जरा तिकडं वळतो की नाही? आत जात नाही आपण, पण वळतो. अणूचं तसंच."

"तुमचा वळत असंल, भावजी," रत्ना म्हणाली. "आमचा न्हाई वळत. आमाला भजी करायला लागत्यात."

यंत्राला रोज सकाळी एक शून्य लागायचं. निरोगी माणसाची फुंकर घ्यायची, तिची नक्षी हे शून्य, आणि बाकीच्यांचा श्वास त्याच्याशी ताडून बघायचा. माणूस रोज तेच हवं. तंबाखू नको, मिश्री नको, औषध नको, खाणंपिणं वेळच्या वेळी. अख्ख्या शेडमध्ये मावा न खाणारं माणूस सापडेना. चिदू स्वतः दिवसाला पाच कप कॉफी ढोसायचा. शेवटी डबा घेऊन आलेल्या रत्नाकडं सगळ्यांची नजर गेली.

"शून्यवहिनी!" चिदू म्हणाला, आणि तेच नाव पडलं.

"सासूबाई बावीस वर्षं हेच म्हणत हुत्या," रत्ना पदर तोंडाला लावून हसली. "हिच्यात काय बी न्हाई म्हणून. आता सायन्सनं शिक्का मारला."

दोन वर्षं रोज सकाळी ती नळीत फुंकर मारायची. मग रेवण ती फणी धुवायचा. साबणाचा द्राव, मग पाणी, मग अल्कोहोल, मग कोरडा नायट्रोजन. कुणी सांगितलं नसताना त्यानं वडलांचा नियमही चालू ठेवला होता. धुतलेल्या प्रत्येक घाण्यातली एक फणी निर्वात डबीत बंद करून, वर तारीख घालून, कपाटात मागच्या बाजूला ठेवायची. तिच्यावर कुणी फुंकर मारायची नाही.

मग एका पावसाळ्यात शून्य सरकायला लागलं. आधी केसभर, मग बोटभर. दिल्लीहून मान्यतेचे लोक यायला तीन आठवडे राहिले होते, आणि ज्या यंत्राचं शून्यच जागेवर नाही त्याला कोण मान्यता देणार? चिदूचे डोळे खोल गेले होते. एक दिवस दुपारी त्यानं रेवणला केबिनमध्ये बसवलं.

"भिंतीवर साबण राहतोय, रेवण्या. त्याचीच ओढ दिसतेय. त्याची वजावट मी प्रोग्राममध्ये घालतो. ही खूण दिसली की मळ समजायचं आणि सोडून द्यायचं. पण कागदावर कारण लागतं. तू लिहून दे, धुण्यात त्रुटी होती."

रेवणला ठाऊक होतं की धुण्यात त्रुटी नव्हती. आयुष्यात त्याच्या हाताला कुणी नाव ठेवलं नव्हतं. पण समोर चिदू होता, आणि चिदूनं याआधी कधी काही मागितलं नव्हतं. त्यानं सही केली.

घरी रत्नानं विचारलं, "धुणं खराब हुतं व्हय?"

"न्हाई."

"मग सही?"

"चिदूला गरज हुती."

"मग बरोबर हाय," ती म्हणाली. "मित्राला हात दिला, एवढंच की. हाताला काय डाग पडतोय?"

मान्यता मिळाली. पेढे वाटले. नोव्हेंबरात रत्नाचे डोळे पिवळे झाले. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी फिल्म उजेडाला धरली आणि विचारलं, आधी कधीच काही तपासलं नाही? अकरा आठवड्यांत ती गेली. शेवटच्या दिवसांत तिचं वजन इतकं उतरलं होतं की रेवण तिला एका हातावर उचलून कुशीवर वळवायचा. चिदू रोज यायचा. पायाशी बसून रडायचा. त्याला रडताना बघून रेवणनंच त्याला धीर दिला होता.

आता तस्नीम समोर उभी होती. तिनं तक्रार सांगितली. शिरोळ तालुक्यातल्या एका डॉक्टरीणबाईंनी चार नावं पाठवली होती. चौघांना यंत्रानं निर्धोक म्हटलं होतं. चौघंही वर्षाच्या आत स्वादुपिंडाच्या कॅन्सरनं गेले. तस्नीमनं त्यांच्या जुन्या नक्ष्या काढून बघितल्या. चारही नक्ष्यांत एकच खूण होती आणि यंत्रानं ती मळ म्हणून सोडून दिली होती.

"साबणाची खूण," ती म्हणाली. "पण मामा, ज्या गावात तुमचा साबण गेलाच नाही तिथं साबण कसा?"

रेवण उठला. कपाट उघडलं. मागच्या रांगेतून एक डबी काढून तिच्या हातात दिली. वर तारीख होती, दहा ऑगस्ट. सहीचा दिवस.

"ही त्याच घाण्यातली. नुसती धुतलेली. हिच्यातनं अणू सोड. मी तोंडानं सांगत न्हाई."

दुपारपर्यंत नक्षी आली. भिंती कोऱ्या होत्या. साबण नाही, थर नाही, काहीच नाही.

तस्नीम पडद्याकडं बघत राहिली. "म्हणजे शून्य सरकलं ते धुण्यामुळं नाही. फुंकर मारणारं माणूस…" ती मध्येच थांबली. तिला कुणीतरी सांगितलं होतं शून्यवहिनी कोण ते.

रेवणला कळायला वेळ लागला नाही. रत्नाचा आजार रोज सकाळी आठला त्या नळीत येत होता. यंत्र तो दाखवत होतं. आणि त्याला मळ म्हणा, असं यंत्राला शिकवायच्या कागदावर त्याची स्वतःची सही होती.

"चिदूला हे ठाऊक नसंल," तो म्हणाला. "चुकला असंल तो. घाईत हुता."

तस्नीमनं यंत्राची नोंदवही उघडली. नऊ ऑगस्ट, संध्याकाळ. फणी क्रमांक २१४, त्याच दिवशी रेवणनं धुतलेली. फुंकर मारणारा चि. म. म्हणजे चिदानंद मगदूम. नक्षीत साबणाची खूण नव्हती. शेरा होता, 'चाचणी रद्द.'

"साबण असता तर कुणीही फुंकर मारली तरी दिसला असता," तस्नीम हळू म्हणाली. "सरांनी ते तपासलं होतं, मामा. सहीच्या आदल्या दिवशी."

रेवणनं ती ओळ तीनदा वाचली. मग जिना चढून वर गेला.

चिदूच्या केबिनला आता मोठी काच होती. त्यानं रेवणचा चेहरा बघितला आणि फोन ठेवून दिला.

"दोनशे चौदा नंबरची फणी," रेवण म्हणाला.

चिदूनं नाकारलं नाही. त्यानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"मला खात्री नव्हती, रेवण्या. शंभर कारणं असू शकली असती. पित्ताचा खडा, ॲसिडिटी, काहीही. मी ठरवलं होतं, मान्यता झाली की वहिनींना घेऊन कोल्हापूरला जायचं. तीन आठवड्यांचा प्रश्न होता."

"मान्यता ऑगस्टअखेर झाली."

"मग शंभर यंत्रांची मागणी आली. मग…" त्यानं हात हलवला. "रोज उद्यावर गेलं. आणि ती तर रोज येत होती, हसत होती. मला वाटलं, नसेलच काही."

"तिच्या हातचं जेवत हुतास तू. दर गुरुवारी."

"जेवत होतो."

"पायाशी बसून रडलास. मी तुझं डोळं पुसलं, चिदू."

चिदूनं टेबलावरचे कागद सरळ केले. मग त्याचा आवाज बदलला. हा कामाचा आवाज होता, रेवणनं तो दिल्लीच्या लोकांसमोर ऐकला होता.

"ऐक. वजावट सोमवारपासून मी सगळ्या यंत्रांतून काढून घेतो. गाजावाजा न करता. पुढच्या माणसांना धोका नाही. त्या पोरीला मी समजावतो. तू कपाटातल्या डब्या माझ्याकडं दे."

"आणि मागची माणसं? एकतीस हजार जणांना निर्धोक म्हणून घरी धाडलंय तू."

"त्यांना बोलवायचं म्हणजे कबुली द्यायची. कंपनी बुडेल, यंत्र बुडेल. ज्या दोनशे लोकांची खूण वजावटीतूनही उरली आणि ज्यांना या यंत्रानं वाचवलं त्यांचं काय? आणि रेवण्या…" तो क्षणभर थांबला. "कागदावर माझं नाव नाही. सही तुझी आहे."

एका बाकावर बसायचे तेव्हा चिदू असाच दौत सांडून वही रेवणपुढं सरकवायचा, आणि छड्या रेवण खायचा. तेव्हा त्याला त्याचा अभिमान वाटायचा.

"हाय की," तो म्हणाला. "माझीच हाय." आणि खाली आला.

तस्नीम वाट बघत होती. तिनं अडचण मांडली. वजावट काढून जुन्या नक्ष्या पुन्हा वाचल्या तर साडेसहा हजार लोक संशयित निघत होते. गावोगावच्या फण्यांवर खरा मळही होताच. साडेसहा हजार माणसांना स्कॅनला बसवायला वर्ष लागलं असतं, आणि या आजारात वर्ष नसतं.

"थर किती जाड आहे ते अणू सांगतात, मामा. न शिवता जातात ना ते. पण थर कशाचा, ते सांगत नाहीत. ते कळलं तर त्या रेणूंची नेमकी ओढ काढून जुन्या नक्ष्यांशी ताडता येईल, आणि साडेसहा हजारांतून आजारी तेवढे वेगळे काढता येतील. त्यासाठी आजार नक्की ठरलेल्या माणसाची, पण औषधं सुरू व्हायच्या आधीची, न धुतलेली एक फणी हवी. ती तापवायची, थर सुटतो, रेणू एकेक करून ओळखता येतात. पण अशी फणी आता कुठून आणायची? सगळ्या तुम्ही धुतल्यात."

रेवणनं चिमटा खाली ठेवला.

"एक धुतली न्हाई," तो म्हणाला.

तेराव्यानंतर तो कामावर आला होता तेव्हा निर्वात कप्प्यात एक फणी तशीच पडून होती. एकोणीस नोव्हेंबरची. त्या सकाळी रत्ना फुंकर मारून गेली आणि दुपारी तिला दवाखान्यात न्यावं लागलं, त्यामुळं धुवायचं राहून गेलं. रेवणनं ती निर्वात डबीत बंद केली आणि घरी नेली. आदल्या दिवसापर्यंतची प्रत्येक फणी त्यानं स्वतःच्या हातानं, नेमानं, स्वच्छ धुतली होती. दोन वर्षं रोज तिचा श्वास अल्कोहोलनं काढून टाकला होता. हा एक उरला होता. तिच्या साड्या लेकीनं नेल्या, फोनमधला आवाज फोनबरोबर गेला. ही डबी तो कधी उघडत नव्हता. फक्त सकाळी आठला एकदा हातात घ्यायचा.

"तापवल्यावर काय उरतंय?" त्यानं विचारलं.

तस्नीमनं खोटं सांगितलं नाही. "कोरी फणी, मामा. एकदाच होतं ते."

तो घरी गेला. कपाटातून डबी काढली. मग वहीचं एक पान फाडून लिहायला बसला. लिहायची सवय नव्हती, म्हणून सरळ लिहिलं. मी रेवणनाथ शिवलिंग हावळ. धुण्यात त्रुटी होती असं मी दहा ऑगस्टला लिहून दिलं ते खोटं होतं. मला ते खोटं आहे हे ठाऊक होतं. मित्रानं मागितलं म्हणून दिलं. त्यामुळं माझी बायको गेली, आणखी चार माणसं गेली. नमुन्याच्या फण्या डॉक्टरीणबाईंकडं दिल्या आहेत. बायकोची न धुतलेली शेवटची फणी उद्या मिरजेला तापवणार आहे. खाली सही केली. कागदाच्या दोन प्रती काढल्या. एक मान्यता देणाऱ्या दिल्लीच्या कचेरीला तस्नीमकरवी ईमेलनं पाठवली, एक शिरोळच्या डॉक्टरीणबाईंना. नमुन्याच्या डब्याही त्यांच्याच ताब्यात दिल्या. कंपनीतलं कपाट रिकामं झालं तेव्हा त्याला वडलांची आठवण झाली. नमुना बोलला होता, पण भांडायला उशीर झाला होता.

दुसऱ्या दिवशी मिरजेच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत तस्नीमनं भट्टी लावली. भट्टी कसली, अंगठ्याएवढी पेटी होती. रेवणनं डबी तिच्या हातात दिली नाही. झाकण त्यानंच उघडलं, चिमट्यानं फणी धरली. फणी जागेवर बसली. काचेआड ती नेहमीसारखीच दिसत होती, काही नसल्यासारखी.

"लावू?" तस्नीमनं विचारलं.

"लाव."

सहा मिनिटं लागली. पडद्यावर एकेका रेणूचं टोक उभं राहत गेलं आणि तस्नीम भराभर लिहीत गेली. तिसरं टोक आलं तेव्हा तिच्या तोंडून "हेच!" असं निघालं, आणि मग तिला रेवण तिथं असल्याचं आठवलं. तिनं मान खाली घालून पुढचं टोक लिहिलं.

संध्याकाळपर्यंत साडेसहा हजारांतून बावन्न नावं वेगळी निघाली. डॉक्टरीणबाईंनी फोन लावायला सुरुवात केली. पहिला फोन टाकळीच्या एका बाईंना. त्या म्हणत होत्या, मला तर काही होत नाही, मी आत्ता भाकऱ्या थापतेय. डॉक्टरीणबाई त्यांना समजावत होत्या, थापा भाकऱ्या, पण उद्या सकाळी या.

रेवणचा फोन वाजला. चिदू होता. दिल्लीहून त्याला विचारणा गेली असणार.

"रेवण्या," त्याचा आवाज बसला होता. "काय केलंस हे." रेवणला वाटलं, आता रत्नाचं नाव घेईल. माफी मागेल. त्यानं फोन कानाला घट्ट धरला. काहीही झालं तरी चिदू होता, आणि इतकं होऊनही त्याचं मन त्याच्याकडं जरासं वळलंच.

"तापवली ती फणी?" चिदूनं विचारलं.

"तापवली."

"मग कुठले रेणू निघाले?"

रेवणनं फोन कानापासून दूर केला आणि बंद केला. मग काचेच्या पेटीतून ती फणी काढली. ती कोरी होती. तरी सवयीनं त्यानं ती धुतली, साबण, पाणी, अल्कोहोल, नायट्रोजन, आणि तस्नीमच्या पुढं ठेवली.

"उद्याच्या शून्याला घे," तो म्हणाला. "पण फुंकर मारणारी बारा माणसं ठेव. एकट्या माणसाच्या भरवशावर राहू नगंस."